दुर्बिणीची निम्मी तपासणी आपल्याच घरात होते

शौचावाटे रक्त पडले की वस्तीत पहिला शब्द ऐकू येतो तो 'मूळव्याध'. मग कोणी झाडपाला सांगतो, कोणी मलम आणून देतो, कोणी भिंतीवरची जाहिरात वाचून भोंदूकडे जातो. बहुतेक वेळा मूळव्याधच निघते, हे खरे. पण आतड्याच्या कॅन्सरमध्येही असेच रक्त पडते आणि सुरुवातीला दुखत नाही. बाहेरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. तो कळण्यासाठी मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहावे लागते. या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात.

सरकारच्या कॅन्सर तपासणी मोहिमेत तीस वर्षांवरील लोकांचे तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख तपासतात. आतडे त्यात येत नाही. म्हणून लक्षण ओळखून आपणच दवाखाना गाठायला हवा. शौचातून रक्त, तीन-चार आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, कारण नसताना घटणारे वजन, पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला झालेला रक्तक्षय, आई-वडील किंवा भावंडांत कोणाला आतड्याचा कॅन्सर, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्या कुपवाडकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून ते दवाखान्यांचे गाव आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तिथेच आहे आणि सांगलीला सिव्हिल आहे. केसपेपर काढून मेडिसिन किंवा सर्जरीच्या ओपीडीत दाखवा, पुढची चिठ्ठी तिथून मिळेल. एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी पगारातून ईएसआय कापला जातो का ते पाहावे. महात्मा फुले जनआरोग्य योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून ही तपासणी योजनेत बसते का, ते आधीच विचारावे.

आतडे साफ नसेल तर काय होते?

ही दुर्बीण बोटाएवढी जाड, लवचिक नळी असते. तिच्या टोकाला कॅमेरा असतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी लहान मांसल गाठी वाढतात, त्यांना पॉलिप म्हणतात. काही पॉलिपचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला बहुधा वर्षे लागतात. तोवर दिसला तर तो त्याच दुर्बिणीतून काढता येतो. मात्र आतड्यात मळ राहिला तर त्याखाली दडलेला पॉलिप दिसत नाही. मळ जास्त असेल तर तपासणी अर्धवट सोडून पुढची तारीख देतात. म्हणजे पुन्हा उपास, पुन्हा जुलाब आणि पुन्हा दोन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून आम्ही म्हणतो की निम्मी तपासणी घरातच होते.

कागदावर नसलेली गोष्ट

दवाखान्यातून तयारीचा कागद मिळतो. त्यावर काय खायचे आणि औषध किती वाजता घ्यायचे ते असते. पण तो कागद घरात संडास आहे, नळाला पाणी आहे, असे धरून लिहिलेला असतो. ज्यांचा संडास सार्वजनिक आहे, त्यांनी काय करायचे हे त्यावर नसते. औषध घेतल्यावर काही तास दहा-पंधरा वेळा जावे लागते आणि तेही धावतपळत. रात्री अंधारात बाईमाणसाने, म्हाताऱ्या माणसाने कसे जायचे?

याच भीतीने कितीतरी जण औषध अर्धेच पितात. लाज वाटते म्हणून डॉक्टरांना काही सांगत नाहीत. आमचे सांगणे आहे की तारीख घेतानाच स्पष्ट बोला: "आमच्या घरात संडास नाही, सार्वजनिक वापरतो." हे सांगितले की मार्ग निघू शकतो. दुपारची वेळ मिळाली तर बऱ्याचदा सगळे औषध त्याच दिवशी पहाटेपासून घेता येते, रात्रीची धावपळ टळते. फार वयस्कर, अशक्त, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला आदल्या दिवशी दाखल करून घेता येईल का, हेही विचारा. त्याबरोबर पाणी यायची वेळ पाहून तारीख ठरवा, आदल्या दिवशी पिंप आणि बादल्या भरून ठेवा. ज्या शेजाऱ्यांकडे संडास आहे त्यांना आधी सांगून ठेवा. घरात मोरी असेल तर म्हाताऱ्या माणसासाठी खुर्चीचे कमोड भाड्याने आणून तिथे ठेवता येते.

आठवडाभर आधी

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, म्हणून त्या साधारण पाच ते सात दिवस आधी बंद करायला सांगतात. इसबगोलही बंद करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. त्या थांबवायच्या की नाहीत आणि कधी, हे डॉक्टरच ठरवतील. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतले तर साखर एकदम उतरते, त्याचेही नीट विचारून घ्या. बीपीची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. किडनीचा आजार असेल तर तो आवर्जून सांगा, कारण जुलाबाची काही औषधे अशा माणसाला घातक ठरतात. याच कारणाने मेडिकलमधून स्वतःच्या मनाने जुलाबाचे औषध आणू नका.

दोन-तीन दिवस आधी

एरवी आपण चोथा असलेले अन्न खा म्हणून सांगतो. या दिवसांत उलटे करायचे. भाकरी, पालेभाजी, मटकी, हरभरा, शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, वांगी, टोमॅटो, भेंडी, पेरू, डाळिंब, द्राक्षे, बेदाणे बंद. साले आणि बिया आतड्यात चिकटून राहतात, दुर्बिणीची नळीही त्यांनी तुंबते. पांढरा भात, मुगाचे पातळ वरण, साधा पाव, सोललेला उकडलेला बटाटा, अंडे, मासा, दही-ताक चालते.

आदला दिवस

या दिवशी बहुधा फक्त पातळ आणि आरपार दिसणारे घ्यायचे. गाळलेली भाताची पेज, वरणाचे गाळलेले पाणी, शहाळे, गाळलेले लिंबू सरबत, मीठ-साखरेचे पाणी, कोरा चहा. दूध, दही, ताक आता नको. बीट, कोकम आणि लाल-जांभळ्या रंगाची सरबतेही नकोत, कारण आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो.

जुलाबाची पावडर साधारणपणे दोन लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, असे ते पाणी प्यायचे. पुष्कळ ठिकाणी अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार-सहा तास आधी घ्यायला सांगतात. तुमच्या कागदावर जे असेल तेच प्रमाण धरा. चव खारट असते. गार करून प्यायले किंवा मधे लिंबाची फोड चोखली तर सोपे जाते. मळमळले तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा. मधल्या वेळेत सांगितलेली पातळ पेयेही घेत राहा. गुदद्वाराला आधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, म्हणजे आग होणार नाही.

दोन-चार जुलाब झाले म्हणजे पोट साफ झाले असे समजून औषध सोडू नका. शेवटी लघवीसारखे पिवळसर, नितळ पाणी पडायला हवे. संडासात अंधार असेल तर मोबाईलची बॅटरी लावून पाहा. गढूळ किंवा तपकिरी पडत असेल तर दवाखान्यात पोहोचताच नर्सला सांगा. सारख्या उलट्या, पोट फुगून जोराची कळ, भोवळ असे काही झाले तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा.

तपासणीचा दिवस

पाणी कधी बंद करायचे ते आधी विचारून ठेवा. बरोबर एक मोठे माणूस हवेच, कारण गुंगीचे इंजेक्शन देतात. त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नाही आणि कारखान्यात मशीनवर उभे राहायचे नाही. तपासणी साधारण अर्धा-पाऊण तास चालते. डाव्या कुशीवर झोपवतात आणि अंगावर चादर असते. आतडे फुगवायला हवा सोडतात, म्हणून नंतर पोट फुगल्यासारखे वाटते. गॅस सरला की बरे वाटते, त्यात लाजायचे काही नाही. तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कॅन्सरच आहे असे नव्हे. मात्र तो रिपोर्ट न चुकता आणून डॉक्टरांना दाखवा. आतड्याला छिद्र पडणे किंवा जास्त रक्तस्राव होणे क्वचित घडते. घरी आल्यावर पोटात जोराचे दुखले, ताप आला किंवा बरेच रक्त पडले तर त्याच दवाखान्यात ताबडतोब परत जा.

घरच्यांसाठी

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्याच मळमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली आणि रुग्णाची सेवा करण्याचा उपदेश संघाला केला. घरातल्या आजीला रात्री चार वेळा हात धरून न्यावे लागले, मोरी धुवावी लागली, तर तिने "कशाला तुम्हाला त्रास" म्हणत औषध अर्धे सोडू नये, एवढी काळजी सुनेने, मुलाने आणि नातवानेही घ्यावी. हे काम एकट्या सुनेचे नाही.

हे पान कापून दवाखान्याच्या कागदाबरोबर ठेवा. दोन्हींत फरक दिसला तर तुमच्या डॉक्टरांनी लिहिले आहे तेच पाळा.

जय भीम!