दोन नाटकें आणि एक घर

ज्या मराठी घरांनीं बालगंधर्वांच्या शालूचें नि अंबाड्याचें अनुकरण कौतुकानें केलें, त्याच घरांना एका स्त्रीचा दुसऱ्या स्त्रीवर जडलेला जीव रंगभूमीवर पाहवेल काय? हा प्रश्न श्री. विजय तेंडुलकर यांनीं १९८१ सालीं 'मित्राची गोष्ट' या नाटकानें उघडपणें विचारला. दिग्दर्शन विनय आपटे यांचें. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. 'फायर' या चित्रपटावरून मुंबईंत दंगा झाला तो १९९८ सालीं. म्हणजे मराठी रंगभूमीनें हा विषय त्याच्या सतरा वर्षें आधीं हातीं घेतला होता.

सुमित्रा देव ही स्वातंत्र्यपूर्व काळांतील महाविद्यालयीन तरुणी. पुरुषाची ओढ आपणांस नाहीं हें तिला उमगलें आहे. कॉलेजच्या नाटकांत ती पुरुषपात्र करते आणि सहनटी नमावर तिचें मन जडतें. बापू हा भिडस्त मित्र त्यांच्या भेटीसाठीं आपली खोली देतो. परंतु मित्राचें प्रेमपत्र दळवीच्या हातीं पडतें, आणि तें तिच्यावर उगारलें जातें. अखेर बापूही पाठ फिरवितो, आणि मित्रा स्वतःचा अंत करून घेते. ही कथा सांगतो तो बापूच. ज्यानें साथ सोडली, त्याच्याच तोंडून ती आपण ऐकतों, हें या नाटकाचें मर्म होय.

दुसरें नाटक कै. चेतन दातार यांचें 'एक माधवबाग'. येथें मित्र नाहीं, आई आहे. मुलाची रोजनिशी तिच्या हातीं येते, आणि तो समलिंगी आहे हें तिला कळतें. मोना आंबेगावकर यांनीं हें नाटक एकटीनें अनेक ठिकाणीं सादर केलें. दातार २००८ सालीं वारले. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांस गुन्हा ठरविणारा कायद्याचा भाग सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द केला. तो दिवस त्यांना पाहावयास मिळाला नाहीं.

दोन्ही नाटकांत एक कागद परक्या हातीं जातो. पहिल्यांत त्याचें शस्त्र होतें; दुसऱ्यांत वाचणारी आईच असते, आणि त्याचें काय करावयाचें तें तिनें ठरवावयाचें असतें. आम्हांस वाटतें, या दोन प्रयोगांमधील अंतर येथेंच आहे. न्यायालयानें आपलें काम केलें, पण घराचा उंबरठा न्यायालयाच्या हातीं नाहीं. असा कागद उद्यां आपल्याच कपाटांत सांपडला, तर आपण दळवी होऊं, बापू होऊं, कीं ती आई होऊं? वाचकांनीं हा प्रश्न लोकांच्या मुलांविषयीं नव्हे, तर आपल्याच मुलांविषयीं स्वतःला विचारावा. उत्तर आधींच ठरलेलें असलें, तर मुलांना तें विचारल्यावांचूनही कळतें.