फ्लॅशची भट्टी

अमेरिकेतल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये एक गंमत झाली. एका विद्यार्थ्याने एकपदरी कार्बन नॅनोट्यूब्जच्या काळ्या, भुसभुशीत ढिगाचा फ्लॅश मारून फोटो काढला, तर 'फट्' आवाज झाला आणि ढीग पेटला! प्रा. पुलिक्केल अजयन (बनारसचे बी.टेक.!) यांच्या गटाने हे २००२ साली 'सायन्स'मध्ये छापलं.

अशी नळी जेमतेम १-२ नॅनोमीटर जाड असते. (नॅनोला मराठीत 'अब्जांश' म्हणतात हे मला हा लेख लिहिताना कळलं. कॉन्व्हेंटचा परिणाम!) काळी असल्याने ती प्रकाश भरपूर शोषते, आणि वस्तुमान इतकं कमी की तापमान एकदम चढतं. ऑक्सिजन असेल तर जळणारच.

आता ऑक्सिजन काढून आरगॉन भरा. नळ्यांवर आधी प्लॅटिनमच्या क्षाराचं द्रावण लावून वाळवा. झेनॉन लॅम्पचा काही मिलिसेकंदांचा जोरदार फ्लॅश मारला की क्षार तुटतो आणि सुटे झालेले प्लॅटिनमचे अणू नळीवरच एकत्र येऊन कण बनवतात.

पण हे भट्टीतही होतं, मग फ्लॅश कशाला? इथेच खरी मेख आहे. मिसळीच्या तर्रीवरचे तेलाचे थेंब पाहा. वाटी तशीच ठेवली तर छोटे थेंब जुळून मोठे होतात. भट्टीत तासन्‌तास गरम राहिलेले कणही असेच सरकतात, जुळतात, फुगतात. आणि कॅटॅलिस्टमध्ये काम करतो तो फक्त पृष्ठभाग! ५ नॅनोमीटरचे कण १० चे झाले, तर तितक्याच प्लॅटिनमचा पृष्ठभाग निम्मा. आतलं प्लॅटिनम नुसतं बसून पगार खातं म्हणा ना! फ्युएल सेल महाग पडतो, त्याचं एक मोठं कारण हेच प्लॅटिनम. फ्लॅश संपताच मात्र नळ्या झटकन गार होतात, कण आहेत तिथेच गोठतात.

२०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने हीच युक्ती कार्बनच्या तंतूंवर विजेने केली. ५५ मिलिसेकंदांचा झटका, सुमारे २००० केल्व्हिन, आणि एरवी नीट न मिसळणारे तब्बल ८ धातू एकाच कणात! सावकाश गार केले असते तर ते वेगवेगळे झाले असते.

अर्थात प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, म्हणून नळ्यांचा थर पातळच हवा. शिवाय नळी इतकी गुळगुळीत की धातूला पकड मिळत नाही. त्यासाठी ॲसिडने तिच्यावर मुद्दाम दोष पाडतात. ते जास्त झाले तर तिची वीज वाहण्याची ताकदच कमी होते.