अमेरिकेत मत कोणाला दिले असते?

अमेरिकी इतिहास वाचणाऱ्यांना एक खेळ ठाऊक असतो. १७९६ पासूनची प्रत्येक अध्यक्षीय निवडणूक समोर ठेवायची आणि त्या वेळी आपण कोणत्या पक्षाला मत दिले असते, ते सांगायचे. पुढे काय घडले हे आपल्याला माहीत नाही असे धरून चालायचे, एवढी एकच अट. ही अट पाळणे दिसते तितके सोपे नाही. शिवाय उत्तर देणारा अमेरिकेपेक्षा स्वतःविषयीच अधिक सांगून जातो. म्हणून माझ्या कसोट्या आधीच मांडतो. पहिली, या पक्षामुळे माणसाला माणूस म्हणून कायद्यापुढे उभे राहता येईल काय? दुसरी, याच्या हाती राज्ययंत्रणा चालेल काय? आयुष्याची उमेदीची वर्षे सरकारी फायलींत घालवलेल्याला दुसरा प्रश्न टाळता येत नाही. अडचण अशी, की अमेरिकेच्या इतिहासात या दोन प्रश्नांची उत्तरे वारंवार परस्परविरुद्ध दिशांना नेतात.

एक कायदेशीर बाबही नोंदवून ठेवू. १७९० च्या अमेरिकी कायद्यानुसार नागरिकत्व केवळ ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना मिळू शकत होते. भगतसिंग थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा गणवेश घातला होता, तरीही १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. भारतीयांना हे दार १९४६ मध्ये उघडले. तेव्हा माझी पहिली दीडशे वर्षांची मते अवैध आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

१७९६ मध्ये मी फेडरलिस्ट पक्षाचे जॉन अ‍ॅडम्स यांना मत दिले असते आणि त्याचे कारण अ‍ॅडम्स नव्हे, तर अलेक्झांडर हॅमिल्टन. कर्जबाजारी तेरा राज्यांचे देणे संघराज्याच्या शिरावर घेऊन त्यांनी राष्ट्राची पत उभी केली, सीमाशुल्काची वसुली बसवली, १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक स्थापन केली. थॉमस जेफरसन यांना या सगळ्यात राजेशाहीचा वास येत होता. मात्र १८०० मध्ये मी पक्ष बदलला असता. फेडरलिस्टांनी १७९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा करून सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात घातले होते. आणीबाणीतील वर्तमानपत्रे शाळकरी वयात पाहिलेल्या माझ्या पिढीला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. संपादकांना कोठडीत टाकणारा पक्ष हरलाच पाहिजे, मग त्याने खजिना कितीही नेटका ठेवलेला असो. जेफरसन यांच्या विजयाला एक काळी किनार होती. राज्यघटनेनुसार प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची गणना तीन पंचमांश होत असे. मत त्यांना नव्हते, पण त्यांच्या संख्येमुळे मालकांच्या राज्यांचे वजन वाढे. ७३ विरुद्ध ६५ या निकालात तो भार मोजावाच लागतो. आणि गंमत पाहा, १८०३ मध्ये याच जेफरसन यांनी दीड कोटी डॉलरला लुइझियाना विकत घेतले, ते हॅमिल्टन यांनी कमावलेल्या पतीवर, बेअरिंग आणि होप या युरोपीय पेढ्यांमार्फत रोखे विकून.

अँड्र्यू जॅक्सन यांच्याबाबत माझा निर्णय पटकन होतो. सामान्य गोऱ्या माणसाला राजकारणात आणणारा नेता म्हणून त्यांचे कौतुक होते आणि त्यात तथ्य आहे. पण १८३० चा मूलनिवासींच्या हकालपट्टीचा कायदा त्यांचाच. प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा निसटता मंजूर झाला, म्हणजे त्या काळालाही त्यात अन्याय दिसत होता. ‘तो काळच तसा होता’ हे समर्थन येथे टिकत नाही. चेरोकी लोकांपैकी सुमारे चार हजार त्या स्थलांतरात मेले, असा सर्वसाधारण अंदाज आहे. जॅक्सन यांच्याच काळात सरकारी नोकऱ्या ही विजयी पक्षाची लूट ठरली. न्यूयॉर्कच्या सीमाशुल्क कार्यालयावर त्यांनी नेमलेला सॅम्युअल स्वॉर्टवाउट हा गृहस्थ सुमारे बारा लाख डॉलरचा अपहार करून १८३८ मध्ये युरोपला निघून गेला. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स रस्ते, वेधशाळा आणि राष्ट्रीय विद्यापीठ मागत होते. ते १८२८ मध्ये हरले, तरी माझे मत त्यांनाच.

खरी कोंडी १८४४ ची. डेमोक्रॅट जेम्स पोक यांना टेक्सास हवे होते, म्हणजे गुलामगिरीला नवी भूमी. व्हिग पक्षाचे हेन्री क्ले टेक्सासच्या घाईला विरोध करत होते, परंतु ते स्वतः गुलामांचे मालक होते आणि टेक्सासविषयीची त्यांची पत्रे महिन्यागणिक गुळमुळीत होत गेली. तिसरा लिबर्टी पक्ष. त्याचे उमेदवार जेम्स बर्नी यांनी आपले गुलाम मुक्त केले होते आणि त्यांच्या पक्षाचा कार्यक्रमच गुलामगिरीविरोधाचा होता. न्यूयॉर्क राज्यात बर्नी यांना पंधरा हजारांवर मते पडली. पोक यांनी ते राज्य सुमारे पाच हजार मतांनी जिंकले. न्यूयॉर्कची ३६ निर्वाचक मते क्ले यांच्याकडे गेली असती, तर १७०–१०५ हा निकाल १३४–१४१ असा उलटला असता. पोक अध्यक्ष झाले, १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध झाले आणि जिंकलेल्या भूमीत गुलाम न्यायचे की नाही, या वादाने देश फाटत गेला.

तेव्हाचे इलिनॉयमधील एक तरुण व्हिग वकील अब्राहम लिंकन यांनी पुढच्याच वर्षी एका पत्रात लिबर्टीवाल्यांविषयी नाराजी व्यक्त केली. वाईट गोष्ट करू नये हे खरे, पण तुमच्या मताने वाईट टळणार असेल तर ते मत वाईट कसे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. माझे मत मी क्ले यांना दिले असते. प्रशासनात राहिलेला माणूस दोन अपुऱ्या पर्यायांतून कमी हानीचा निवडायला शिकतो. परंतु बर्नी यांना मत देणाऱ्या त्या पंधरा हजारांना मूर्ख म्हणण्याची माझी तयारी नाही. प्रत्येक वेळी सगळ्यांनीच माझ्यासारखे मत दिले असते, तर गुलामगिरीविरोध हा पक्षाचा कार्यक्रम कधी झालाच नसता. १८४८ मध्ये व्हिगांनी शंभराहून अधिक गुलामांचे धनी असलेले सेनापती झॅकरी टेलर उभे केले, तेव्हा मात्र कमी हानीचा हिशेबही संपला. त्या वर्षी माझे मत फ्री सॉइल पक्षाला. एकही निर्वाचक मत न मिळवता या पक्षाने देशातली सुमारे दहा टक्के मते घेतली. लिबर्टी पक्षातून फ्री सॉइल उभा राहिला आणि १८५४ नंतर त्याचे लोक नव्या रिपब्लिकन पक्षात मिसळले. वाया गेलेली म्हणून हिणवलेली मते अशी साठत गेली होती.

१८६० मध्ये लिंकन, याविषयी वाद नको. सुमारे चाळीस टक्के मतांवर ते निवडून आले. माझ्यासारख्याला त्यांच्या सरकारचे १८६२ हे वर्ष विशेष भावते. ऐन यादवीत, वॉशिंग्टनजवळ तोफा धडधडत असताना काँग्रेसने कसणाऱ्याला जमीन देणारा होमस्टेड कायदा, प्रशांत महासागरापर्यंतच्या लोहमार्गाचा कायदा आणि जमिनीच्या देणगीतून महाविद्यालये उभारणारा मॉरिल कायदा मंजूर केला. कृषी खातेही त्याच वर्षीचे. (ती जमीन मूलनिवासींची होती, हे विसरायचे नाही.) मॉरिल कायद्यातल्या विद्यापीठांच्या नमुन्यावर १९६० मध्ये आपल्याकडे पंतनगरचे पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि मेक्सिकन गव्हाचे बियाणे तराईत वाढू लागले.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला. पुण्यात बसून केलेले ते माझ्या मते रिपब्लिकन पक्षाच्या सर्वोत्तम काळाला दिलेले मत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे मतमोजणीच्या वादातून डझनावारी कृष्णवर्णीय कापले गेले आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील आरोपींच्या शिक्षा रद्द केल्या. त्याच साली अध्यक्षपदाचा निकाल वादात सापडला. आठ विरुद्ध सात मतांनी निर्णय देणाऱ्या आयोगामुळे रदरफोर्ड हेज १८५–१८४ असे जिंकले आणि १८७७ मध्ये दक्षिणेतील शेवटच्या रिपब्लिकन सरकारांना आधार देणारे सैन्य मागे घेतले गेले. हेज यांनाच माझे मत गेले असते. दुसरा पक्ष तर तेच उघडपणे मागत होता. चौदावी आणि पंधरावी घटनादुरुस्ती कागदावर राहिली. अंमलबजावणीचे यंत्र काढून घेतले की हक्काचे काय होते, याचा याहून स्वच्छ धडा मला माहीत नाही.

यंत्रावरून आठवले. जुलै १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या चार्ल्स गिटोने अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरात ते वारले. जानेवारी १८८३ मध्ये परीक्षेने सरकारी भरती करणारा पेंडलटन कायदा झाला. आरंभी तो जेमतेम दहा टक्के पदांना लागू होता. त्यावर स्वाक्षरी करणारे चेस्टर आर्थर हे त्याच न्यूयॉर्क सीमाशुल्क कार्यालयाचे माजी प्रमुख, वशिलेबाजीच्या राजकारणामुळे हेज यांनी ज्यांना दूर केले होते ते! पेंडलटन डेमोक्रॅट, १८६४ मध्ये लिंकन यांच्याविरुद्ध उपाध्यक्षपदाला उभे राहिलेले. मसुदा करणाऱ्या डॉर्मन ईटन यांनी ब्रिटिश सनदी सेवेचा अभ्यास केला होता आणि ब्रिटनमधील सुधारकांपुढे १८५३ च्या सनदी कायद्याने भारतातील नेमणुकांसाठी खुली केलेली स्पर्धा परीक्षा होती. भारतीयांना लंडनला जाऊन द्यावी लागणारी ती परीक्षा आम्हाला जाचली. वॉशिंग्टनच्या कारकुनाला तिच्याच नातलगाने पक्षाच्या दादापासून वाचवले.

शतकाअखेरचा वाद सोन्या-चांदीचा. किमती घसरत होत्या, कॅन्ससच्या शेतकऱ्याचे कर्ज दर हंगामाला जड होत होते आणि त्याला चांदीचे मुबलक चलन हवे होते. हा वाद अमेरिकेपुरता नव्हता. घसरत्या रुपयामुळे लंडनची देणी भागवणे कठीण झालेल्या भारत सरकारने जून १८९३ मध्ये आपल्या टांकसाळी चांदीच्या खुल्या नाण्यांसाठी बंद केल्या. जगातला मोठा गिऱ्हाईक असा उठून गेल्याने चांदी कोसळली, कोलोरॅडोच्या खाणी थांबल्या आणि आधीच सुरू झालेले आर्थिक संकट चिघळले. नोव्हेंबरात अमेरिकी काँग्रेसनेही चांदीखरेदीचा कायदा रद्द केला. कलकत्ता-सिमल्याच्या एका निर्णयाने डेन्व्हरचे मजूर रस्त्यावर आले, हे अमेरिकेच्या लोकप्रिय इतिहासांत क्वचितच वाचायला मिळते.

१८९६ मध्ये छत्तीस वर्षांचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे गाऱ्हाणे घेऊन उभे राहिले. त्यांचे रोगनिदान बरोबर होते, औषध मला पटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचाच डेमोक्रॅटिक पक्ष दक्षिणेत त्या वेळी साक्षरतेच्या चाचण्या आणि मतदान-कर लावून कृष्णवर्णीयांची मते हिरावत होता. मिसिसिपीने १८९० मध्येच त्याची सुरुवात केली होती. पण चांदीवाले रिपब्लिकनही धुतल्या तांदळाचे नव्हते. दक्षिणेतील मतदानावर केंद्राची देखरेख आणणारे विधेयक १८९१ मध्ये सिनेटने बाजूला सारले, त्याला त्यांचा हातभार होता. १८९६ मध्ये मॅकिन्ली, नाइलाजाने. १९०० मध्ये मात्र ब्रायन, कारण अमेरिका फिलिपिन्स गिळत होती आणि ते विरोधात उभे होते. पुढे १९०६ मध्ये भारतात फिरून त्यांनी ब्रिटिश राजवटीवर कडक टीका केली.

१९१२ मध्ये मी थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाकडे गेलो असतो, कपाळावर आठी घालून. सामाजिक विमा, आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मत हे सगळे त्यांच्या जाहीरनाम्यात होते, पण अधिवेशनात दक्षिणेतील कृष्णवर्णीय प्रतिनिधींना जागा नाकारली गेली. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी विल्सन यांना पाठिंबा दिला. १९१३ पासून विल्सन यांच्याच प्रशासनाने टपाल आणि कोषागार खात्यांत गोऱ्या-काळ्या कर्मचाऱ्यांची टेबले वेगळी केली आणि १९१४ मध्ये नोकरीच्या अर्जाला छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले. पेंडलटन कायदा जागच्या जागी होता. एका छायाचित्राने तो निकामी झाला.

१९३२ पासून फ्रँकलिन रूझवेल्ट, चारही वेळा. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार वगळले, म्हणजे दक्षिणेतील बहुतांश कृष्णवर्णीय श्रमिक वगळले, हे माहीत असूनही. कारण पलीकडे काहीच नव्हते. १९४८ मध्ये सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढणारे ट्रुमन. १९६४ मध्ये जॉन्सन, आणि त्या वर्षीचे आकडे पक्षनिष्ठेच्या अभ्यासकाने जपून ठेवावेत. नागरी हक्क कायद्याला सिनेटमध्ये रिपब्लिकनांपैकी २७ जणांनी पाठिंबा दिला, सहा विरोधात. डेमोक्रॅटांत ४६ विरुद्ध २१. प्रमाणाने पाहिले तर लिंकन यांचा पक्ष अजूनही पुढे होता. पण विरोध करणाऱ्या सहांपैकी एक, बॅरी गोल्डवॉटर, त्याच पक्षाचे अध्यक्षीय उमेदवार झाले आणि स्वतःच्या अ‍ॅरिझोनाखेरीज दक्षिणेतील पाच राज्ये घेऊन गेले. तेथून दोन्ही पक्षांनी आपापली घरे बदलली. त्यानंतरच्या निवडणुकांत मी शिरत नाही. तो चालू भांडणाचा भाग आहे. १९७१ च्या निक्सन यांच्याविषयी भारतीय वाचकाला माझ्या मताची आवश्यकता नसावी.

मधली एक मतपत्रिका मुद्दाम मागे ठेवली होती, ६ नोव्हेंबर १९५६ ची. अध्यक्षपदासाठी मी रिपब्लिकन आयझेनहॉवर यांच्या नावापुढे खूण केली असती. त्यांच्याच दबावामुळे ब्रिटनला त्या दिवशी सुएझमध्ये युद्धविराम जाहीर करावा लागला होता. कॅलिफोर्नियाच्या इंपिरियल खोऱ्यात मतदार असतो, तर खाली प्रतिनिधीगृहासाठी डेमोक्रॅट दलीपसिंग साउंड यांना मत दिले असते. पंजाबातून १९२० मध्ये गेलेल्या साउंड यांनी बर्कलीत गणिताची पदवी मिळवली, पण कायद्यामुळे नागरिकत्व नाही म्हणून वर्षानुवर्षे शेती केली. १९४९ मध्ये ते नागरिक झाले. १९५० मध्ये स्थानिक न्यायाधीशाची निवडणूक जिंकले, तर नागरिक होऊन वर्ष पुरे झाले नाही म्हणून पद नाकारले गेले. दोन वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा जिंकले. १९५६ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचले, आणि तो मतदारसंघ त्या दिवशी एका नामवंत रिपब्लिकन वैमानिक महिलेला हरवून त्यांनी घेतला होता.