बिलिंग सॉफ्टवेअर घेण्याआधी एक प्रश्न विचारा

श्रीरामपूरच्या माझ्या दुकानात काउंटरवर एकच क्यूआर आहे. गिऱ्हाईक फोनपे वापरो, गूगल पे वापरो की भीम, पैसे माझ्याच खात्यात येतात. कारण २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचे नियम सगळ्या बँकांना आणि अ‍ॅपना सारखेच आहेत. हीच खुली सिस्टीम.

माझं पहिलं बिलिंग सॉफ्टवेअर मात्र बंदिस्त होतं. बदलायला गेलो, तर उधारीची यादी बाहेरच निघेना. तीन रात्री बसून हाताने उतरवली. काही नोंदी सुटल्या, ते पैसे बुडाले.

म्हणून डेमोच्या वेळीच विचारा, "माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये निघतो का?" नुसत्या 'हो'वर जाऊ नका, समोर काढून दाखवायला सांगा. दुकान तुमचं, मग खातेवहीही तुमच्याच हातात हवी.