कण म्हणजे कणी नव्हे

‘सर्व पदार्थ सूक्ष्म कणांचे बनलेले असतात’ हे वाक्य मुलांना चटकन पाठ होते. ‘स्थायूत कण जवळजवळ, द्रवात थोडे दूर, वायूत फार दूर’ हेही पाठ होते आणि परीक्षेपुरते काम भागते. याच मुलांना थोडे वेगळे प्रश्न विचारून पाहावेत. तूप वितळते तेव्हा तुपाचा कणही वितळतो का? सळई तापवली की लांब होते, तेव्हा लोखंडाचा कण फुगतो का? दोन कणांच्या मध्ये काय असते? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘हवा’ अशी उत्तरे अनेक मुले देतात.

अशी उत्तरे येण्याला कारण आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा बराच भाग धानाचा. इथल्या मुलाच्या ओळखीची कणी म्हणजे भरडताना तुटलेला तांदूळ. ती तांदळासारखीच पांढरी, तशीच टणक आणि शिजवली की भातासारखीच मऊ. मग पाण्याचा कण म्हणजे पाण्याचा इवलासा थेंब आणि तोही ओलाच, असे मुलाने समजणे स्वाभाविक आहे. ज्यांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया, त्यांना तर या अर्थाचा ‘कण’ बहुधा पुस्तकातच भेटतो. म्हणून पहिल्याच तासाला हे स्पष्ट करावे, की बर्फात, पाण्यात आणि वाफेत असतो तो एकच रेणू. तो ओला नसतो, टणक नसतो आणि वितळतही नाही. बदलतात त्या रेणूंच्या मांडणी, हालचाल आणि एकमेकांतील अंतर या गोष्टी.

मधल्या जागेत काय?

औषधाच्या दुकानातून एक नवी सिरिंज आणावी. सुई लावू नये. दट्ट्या 10 मिलिलिटरच्या खुणेवर ठेवून तोंड अंगठ्याने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या दाबावा. हवा निम्म्यापर्यंत सहज दबते. सोडली की दट्ट्या परत येतो. आता आत फक्त पाणी भरून तेच करावे. दट्ट्या जागचा हलत नाही.

लगेच स्पष्टीकरण देऊ नये. दाबण्यापूर्वीची आणि दाबल्यानंतरची हवा कशी दिसत असेल, याचे चित्र प्रत्येकाला काढायला सांगावे. कुणी कण लहान करील, कुणी त्यांची संख्या कमी करील, कुणी नुसते रंगवून टाकील. ही चित्रे फळ्यावर घेऊन चर्चा करावी. ‘कणांमध्ये हवा आहे’ असे कुणी म्हणालेच, तर विचारावे: हवा तर कणांचीच बनलेली, मग त्या हवेच्या कणांमध्ये काय? दोन-तीनदा हा प्रश्न फिरला, की मुले स्वतःच ‘काहीच नाही’ या उत्तरापाशी येतात.

हे उत्तर पचायला जड आहे. अॅरिस्टॉटलला पोकळी मान्य नव्हती. इस्राएलमधील नोविक आणि नुसबाउम या संशोधकांनी 1978 मध्ये शाळकरी मुलांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही रिकाम्या जागेची कल्पनाच मुलांना अवघड जाते असे दिसले. ओस्टवाल्डसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञालाही अणूंचे अस्तित्व पटायला 1909 साल उजाडले. मग मुलांना दोन-तीन तास लागले तर बिघडले कुठे?

चित्रातले अंतर

अनेक पुस्तकांतील चित्रांत द्रवाचे कण स्थायूच्या मानाने बरेच सुटे दाखवलेले असतात. वास्तव तसे नाही. मोहाच्या बियांचे तेल किंवा खोबरेल तेल थंडीत थिजते. थिजताना त्याचे आकारमान थोडेसेच कमी होते. म्हणजे द्रवातही कण एकमेकांना जवळजवळ चिकटूनच असतात. फक्त ते जागा सोडून घसरू शकतात. पाण्याचे तर उलटेच. गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते, म्हणून बर्फ तरंगतो. तेव्हा स्थायूची खरी खूण ‘सर्वात जवळ’ ही नसून ‘आपापल्या जागी राहून कंप पावणारे कण’ ही आहे.

वायूचे गणित वरच्या वर्गातील मुलांकडून करून घ्यावे. 100 अंश सेल्सिअसला 1 मिलिलिटर पाण्याची सुमारे 1,700 मिलिलिटर वाफ होते. 12 चा घन 1,728. म्हणजे वाफेत दोन रेणूंमधील सरासरी अंतर पाण्यातल्यापेक्षा सुमारे 12 पट असते. फळ्यावर पाण्याचे रेणू एक-एक सेंटिमीटरवर काढले, तर वाफेचे 12 सेंटिमीटरवर काढावे लागतील.

गेले कुठे?

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलला, की झाड दिसण्याआधी वास येतो. इथे एक सावधगिरी हवी. हा वास लांबवर पोहोचतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. कणांचे आपोआप होणारे विसरण फार सावकाश असते. पण वाऱ्याला वाहून न्यायलाही फुलातून निघालेले कण लागतातच. वेचलेली ताजी फुले तोलून उन्हात वाळवावीत आणि पुन्हा तोलावीत. वजन निम्म्याहूनही कमी भरते. उरलेले कुठे गेले? ‘उडून गेले, संपले’ हे उत्तर स्वीकारू नये. रेणू संपलेले नाहीत, ते हवेत आहेत.

या उत्तराची गरज वर्गाबाहेरही आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, मागे राख उरते आणि बाकीचा दिसेनासा होतो. परंतु 12 ग्रॅम कार्बन जळला, की हवेतील 32 ग्रॅम ऑक्सिजन घेऊन 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दिसेनासे झालेले उलट वजनाने वाढलेलेच असते! वायू म्हणजे ‘काहीच नाही’ असे मानणाऱ्या मुलाला धूर विरला की प्रश्न मिटला असे वाटेल. वायूतही कण असतात, त्यांना वजन असते आणि ते कुठेतरी असतातच, हे ज्याला उमगले, तो चिमणीकडे बघून पुढचा प्रश्न विचारील. तो प्रश्न त्याला सुचावा, यासाठी हा धडा घाईने उरकू नये.