नव्या तांदळाच्या दिवसांत आंबागड

नागपूरहून दोन दिवसांची सहल काढायची आणि तीही खाण्यापिण्याभोवती, म्हटले की बहुतेकांना सावजी रस्सा आठवतो, नाहीतर सकाळचे तर्रीपोहे. आंबागडाचे नाव कुणी घेत नाही. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातला हा डोंगरी किल्ला तुमसर शहरापासून तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. वर चढल्यावर चहाची टपरी भेटेल हे गृहीत धरू नये आणि पायथ्याच्या गावात हॉटेलच्या पाट्या शोधत बसू नये. तरीही माझे मत असे की झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखाचे, जेवण ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने सहलीचा मुक्काम तुमसरला ठेवावा आणि तिचा मध्य आंबागडाला धरावा. इथले ताट ठरते ते तळ्यात पाणी किती आहे, धानाच्या बांधीत काय उभे आहे आणि जंगलात काय उगवले आहे यावर. किल्ल्यावरून हे तिन्ही एका नजरेत दिसते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस देवगडच्या गोंड गादीवर बख्त बुलंद होता. नागपूर वसवणारा राजा तो हाच. त्याचा पठाण सरदार राजाखान याने इसवी सन 1700 च्या आसपास हा किल्ला बांधला. पुढे देवगडचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, त्याबरोबर आंबागडही गेला, आणि भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. जुन्या गॅझेटियरमध्ये या तुरुंगाबद्दल एक नोंद आहे, जी वाचल्यावर विसरता येत नाही. किल्ल्याच्या आतल्या विहिरीचे पाणी साचून विषारी झाले होते. कैद्यांना तेच प्यायला लावत आणि ते थोड्याच दिवसांत मरत. ना सुळी, ना तलवार, नुसते पाणी.

ही नोंद डोक्यात ठेवून तटावर उभे राहिले की खालचा मुलूख वेगळा दिसतो. सातपुड्याच्या सोंडा उत्तरेकडून उतरत येतात, त्यांच्या पायाशी जंगल, आणि जंगल संपते तिथून धानाच्या बांध्या सुरू होतात. मध्ये मध्ये तलाव. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नव्हे. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या मालगुजारांनी (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी) पिढ्यान् पिढ्या बांध घालून हे तलाव उभे केले. पाणलोट ओळखून माती टाकायची, सांडवा काढायचा, पाट फिरवायचे, हे ज्ञान त्यांच्या हातात होते. मालगुजारी 1951 साली गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा तलाव’ या नावाने आजही ओळखले जातात. लहान असेल तर त्याला बोडी म्हणतात. त्या पाण्यावर धान पिकतो, त्यातच मासोळ्या वाढतात आणि शिंगाड्याचे वेलही त्यावरच तरंगतात. म्हणजे वर किल्ल्यावर ज्या वस्तूने माणसे मारली, तीच खाली ताट भरते. मला वाटते, आंबागडाला जाण्याचे कारण एवढे एकच असते तरी पुरेसे होते.

आता बेत. उन्हाळा टाळावा. एप्रिल-मेमध्ये इथले ऊन किल्ला चढू देत नाही. पावसाळा देखणा असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. माझी पसंती दिवाळीनंतरच्या आठवड्यांना आहे. हलका धान कापून झालेला असतो, भारी धानाची कापणी सुरू असते, शेतांत कापलेल्या धानाची पुंजणे उभी राहतात आणि हवेत गारवा असतो. त्याच दिवसांत गावोगाव मंडई भरते. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. इथे मंडई म्हणजे दिवाळीनंतर एकेका गावाने ठरलेल्या दिवशी भरवलेला मेळा. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा बाजार आणि रात्री दंडार किंवा नाटक. खाण्यासाठी सहल काढणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. एरवी ज्या गावात विकतचे काही मिळत नाही, तिथे त्या दिवशी गरम भजी, आलूबोंडे, जिलेबी, गुपचूप, मुर्रा आणि उकडलेले शिंगाडे यांच्या ओळी लागतात. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांसाठी सांगायचे तर गुपचूप म्हणजे पाणीपुरी. कोणत्या गावाची मंडई कधी, हे तुमसरच्या बाजारात कुणालाही विचारावे. उत्तर नक्की मिळते, आणि बहुधा जेवायचे बोलावणेही.

पहिला दिवस भंडारा आणि तुमसरला द्यावा. नागपूर ते भंडारा साठ-बासष्ट किलोमीटर. रेल्वेने यायचे तर हावड्याच्या मार्गावर भंडारा रोड हे स्थानक वरठीला आहे आणि पुढचे तुमसर रोड देव्हाडीला. दोन्ही स्थानके आपापल्या शहरांपासून बाजूला आहेत, तेव्हा पुढच्या वाहनाचा विचार आधीच करावा. भंडाऱ्यात सकाळचा नाश्ता करावा. पोहे, वर हरभऱ्याची तर्री, चिरलेला कांदा आणि सांबार. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. दक्षिणेचे सांबार हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. नाश्ता झाला की पितळेच्या भांड्यांच्या दुकानांत फिरावे. हे शहर पितळी भांड्यांसाठी पिढ्यान् पिढ्या ओळखले जाते. भाणे म्हणजे ताट, भांडे, आणि त्यावरून भंडारा, अशी लोकांची समजूत आहे. अभ्यासक मात्र रतनपूरच्या सुमारे 1100 सालच्या शिलालेखातल्या ‘भानारा’ या नावाकडे बोट दाखवतात. मला शिलालेखाचे पटते, पण जेवणाच्या सहलीवर निघालेल्या माणसाला ताटाची व्युत्पत्ती सोडवत नाही. एखादे पितळी गंज किंवा परात विकत घ्यावी. प्लास्टिकच्या आणि स्टीलच्या रेट्यात हा धंदा आक्रसत चालला आहे, आणि जे शहर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरासाठी भांडी घडवत आले त्याच्याकडून एखादे भांडे आपल्या घरी यावे हे बरे.

भंडाऱ्याहून तुमसरच्या वाटेवर मोहाडी लागते. तिथे चौंडेश्वरी देवीचे देऊळ आहे. तुमसर हे तांदळाचे गाव. राइस मिली, अडत, धानाची पोती, कोंड्याचा वास. जवळच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते, तो या भागाचा दुसरा आधार. दुपारचे जेवण साध्या भोजनालयात घ्यावे आणि भात मागून घ्यावा. पश्चिम महाराष्ट्रात जेवण भाकरीने सुरू होते आणि भाताने संपते. इथे सुरुवात भात, मध्य भात आणि शेवटही भात. पोळी असते, पण पाहुणी म्हणून.

या भातात चिनोर विचारावा. बारीक, मऊ, सुवासिक दाणा. भंडाऱ्याच्या चिनोरला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण तो उशिरा तयार होतो, उतारा कमी देतो, म्हणून शेतकरी घरापुरता लावतो. बाजारात त्याच्या नावाखाली भलतेच मिळण्याची शक्यता असते, तेव्हा मिलीच्या किंवा शेतकऱ्याच्या ओळखीने घ्यावा. जास्त दिसतो तो एचएमटी. हा वाण कुठल्या प्रयोगशाळेत निघाला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून निवडून तो 1980 च्या दशकात सिद्ध केला आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला हे नाव पडले. देशभर तो पिकला आणि खोब्रागडे 2018 साली हलाखीत गेले. भाताचा घास घेताना हे नाव उच्चारले जावे, असे मला मनापासून वाटते.

भाताबरोबर काय येईल हे ऋतू ठरवतो. हिवाळ्यात वालाच्या शेंगा, म्हणजे इथल्या पोपटीच्या शेंगा, वांगी, भेदरे (टमाट्याला झाडीत हेच म्हणतात) आणि मासोळी. तलावातल्या लहान मासोळ्या आणि झिंगे यांचा झणझणीत रस्सा आणि खाली मोकळा भात, हा या मुलखाचा खरा मान. मासे धरणे हे धिवर समाजाचे परंपरेचे काम. गेल्या काही दशकांत तलावांत गाळ साचला, बेशरमाची झुडपे वाढली, पाण्यातल्या वनस्पती गेल्या, तसे मूळच्या जातीचे मासेही कमी झाले. बाहेरून आणलेले कतला-रोहूचे बीज वाढवून मिळकत होते, पण ताटातली विविधता त्याने भरून येत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था धिवर बायाबापड्यांना बरोबर घेऊन तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे आणि देशी मासे परत आणण्याचे काम करते. खाण्याच्या सहलीत याचा काय संबंध, असे कुणी विचारेल. पुढच्या वर्षी तोच रस्सा मिळेल की नाही, याचे उत्तर तिथे आहे.

लाखोरीचा एक घास खावाच. धान उभा असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकून देतात. कापणीनंतर ती उरलेल्या ओलीवर वाढते, ना नांगर, ना वेगळे पाणी. तिच्या डाळीचे वडे होतात, वरण होते, कोवळ्या पाल्याची भाजी होते. दुष्काळात महिनोन् महिने दुसरे काहीच न मिळता फक्त लाखोरी खावी लागली की पाय लुळे पडतात, हे खरे आहे. त्या कारणाने 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध उपोषणे केली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि पुढे महाराष्ट्राने ती उठवली. इथल्या घरांत ती त्या काळातही रांधली जात होती. मिसळीच्या ताटात थोडी लाखोरी खाणे आणि उपासमारीत तिच्यावरच जगणे यांतला फरक या माणसांना कायद्याच्या आधीपासून ठाऊक होता.

पावसाळ्यात आलात तर ताट पूर्ण बदलते. पहिल्या सरींनंतर तरोट्याची कोवळी भाजी, मग धोप्याच्या पानांच्या वड्या (तुमच्याकडचा अळू तोच हा), बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते आणि नशिबात असेल तर सात्या. वारुळाच्या मातीत उगवणारी ही रानभूछत्रे एकदोन दिवसच टिकतात, जंगलातून टोपलीत येतात आणि बघता बघता संपतात. त्यांचा भाव मटणाशी बरोबरी करतो. ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावीत, स्वतः तोडायला जाऊ नये. चैत्राच्या तोंडाशी मोहाची फुले पडतात. पहाटे बायामुली टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. मोहाचे नाव काढले की लोकांना दारू आठवते, पण वाळवलेल्या मोहाचे लाडू आणि पोळ्या या घराघरांत होत आलेल्या गोष्टी आहेत आणि टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल पूर्वी चुलीवर असे.

दुसरा दिवस आंबागडाचा. पहाटे निघावे. प्यायचे पाणी पुरेसे बरोबर घ्यावे. या किल्ल्याचा इतिहास माहीत असलेल्याला हे सांगावे लागू नये, तरी सांगतो. किल्ला राज्य संरक्षित आहे. दरवाजा, बुरूज, तट, आतल्या वाड्याचे अवशेष आणि पाण्याच्या जागा सावकाश पाहायला दोन तास लागतात. विहिरीपाशी थोडे थांबावे. जेवणाची शिदोरी बरोबर असेल तर ती किल्ल्यात उघडू नये, असे मला वाटते. नियम म्हणून नव्हे. जिथे माणसांना पाण्यावाचून नव्हे, पाणी पाजून मारले, तिथे डबा उघडायला हात होत नाही.

शिदोरीला जागा आहे ती खाली, गायमुखला. आंबागडाच्या परिसरातच डोंगरात हे महादेवाचे ठिकाण आहे. तिथे झऱ्याचे पाणी वाहते, गर्द झाडी आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. एरवी तिथे शांतता असते. झाडाखाली बसून वांग्याची भाजी आणि रोडगे खावेत. रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजायला वेळ लागतो, म्हणून ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. आंबागड किंवा आसपासच्या गावात कुणाकडे जेवणाची सोय करून घ्यायची असेल तर तुमसरहून आधी निरोप द्यावा, माणसांची संख्या सांगावी आणि पैशाचे मोकळेपणाने बोलून घ्यावे. पाहुणचार म्हणून रांधलेल्या अन्नाचे पैसे घ्यायला इथली माणसे संकोचतात. त्या संकोचाचा फायदा शहरी पाहुण्याने घेऊ नये. वेळ उरला तर सिहोऱ्याकडचे चांदपूर करावे. टेकडीवर हनुमानाचे देऊळ, खाली पसरलेला जलाशय.

परतताना तुमसरहून पाच-दहा किलो तांदूळ घ्यावा. चिनोर मिळाला तर उत्तम. घरी आल्यावर मोह आवरून तो थोडा जुना होऊ द्यावा, नाहीतर भाताचा गोळा होतो. एवढा धीर नसेल आणि पहिल्याच रविवारी शिजवायचा असेल, तर भांड्यात पाणी नेहमीपेक्षा कमी ठेवावे. नव्या तांदळात बांधीतले पाणी अजून असते.