‘अलाऊ’चे बटण आणि आमची उधारीची वही

पालघर आणि बोईसर-तारापूर भागात आमचा कापडाचा धंदा आहे. पूर्वी गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, उधारी हे सर्व लाल कापडाच्या चोपडीत असायचे आणि दुकान बंद करताना चोपडी तिजोरीत जायची. आता ती चोपडी मोबाईलमध्ये गेली आहे. मात्र या नव्या तिजोरीची किल्ली आपण कोणाकोणाच्या हाती दिली, याचा हिशेब आमच्यापैकी फार थोडे लोक ठेवतात.

आमचे डोळे उघडले ते २०२१ साली. पालघरचे एक शिलाई कारागीर आमच्याकडून अस्तर आणि शर्टिंगचे कापड उधारीवर नेत असत. माणूस सचोटीचा, वायद्याचा पक्का. एके सकाळी अनोळखी नंबरावरून आम्हाला निरोप आला की हा माणूस कर्जबुडव्या आहे आणि तुम्ही त्याचे जामीनदार आहात. आम्ही कोणाचेही जामीनदार नव्हतो. चौकशी केली तेव्हा समजले की लॉकडाऊनमध्ये काम बंद पडल्याने त्यांनी एका अ‍ॅपवरून पाच हजार रुपये घेतले होते. हप्ता आठ दिवस लांबला. तोच निरोप बोईसरच्या बटण-दोरेवाल्याला, त्यांच्या गिऱ्हाइकांना आणि मुलीच्या सासरीही गेला होता. इतके नंबर अ‍ॅपवाल्याला मिळाले कोठून? अ‍ॅप घेताना त्याने फोनमधील नावे वाचण्याची परवानगी मागितली होती आणि आमच्या मित्राने न वाचता ‘अलाऊ’ दाबले होते. दोघा व्यापाऱ्यांनी त्यांना उधारी देणे बंद केले. पाच हजार फेडता येतात, पण बाजारातील पत एकदा गेली की ती परत मिळवण्यास वर्षे लागतात.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नव्हती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या कार्यगटाला तपासात कर्ज देणारी सुमारे अकराशे अ‍ॅप्स आढळली. त्यांपैकी सुमारे सहाशे बेकायदा होती. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधील नावांची यादी, कॉलची नोंद, फाईल आणि फोटो यांना हात लावू नये. कॅमेरा, माईक किंवा ठिकाण फक्त ओळख पटवण्यापुरते, एकदाच आणि स्पष्ट संमतीने घ्यावे. २०२५ च्या निर्देशांतही हा नियम कायम आहे. गुगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या प्ले स्टोअरवरील कर्जाच्या अ‍ॅप्सना नावे आणि फोटो पाहण्यास मनाई केली. म्हणजे आज एखादे कर्जाचे अ‍ॅप तुमची नावांची यादी मागत असेल, तर ते नियम मोडत आहे असे समजावे आणि तेथूनच परत फिरावे.

दार आणि भोक

फोनला धोका दोन वाटांनी येतो. एक म्हणजे आपण स्वतः उघडलेले दार, ती परवानगी. दुसरा म्हणजे भिंतीला राहिलेले भोक. त्याला जाणकार ‘बग’ म्हणतात.

दाराचा बंदोबस्त हळूहळू सुधारत गेला. २०१५ पूर्वीच्या अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप घेतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. घ्यायचे तर सर्व, नाहीतर काहीच नाही. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, माईक, नावे यांसाठी वेगवेगळी विचारणा होऊ लागली. २०२० च्या अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी आली आणि बरेच दिवस न वापरलेल्या अ‍ॅपची परवानगी आपोआप काढून घेण्याची सोय झाली. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून कोणत्या अ‍ॅपने गेल्या चोवीस तासांत कॅमेरा, माईक किंवा ठिकाण कधी वापरले, याची नोंद फोनच दाखवतो. कॅमेरा किंवा माईक चालू असेल तर पडद्याच्या वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपण काही बोलत नसताना ती खूण दिसली, तर कोण ऐकत आहे हे जरूर पाहावे.

आता भोकाविषयी. कितीही चांगला ताका असो, फोल्डिंगच्या टेबलावर पसरला की कोठे तरी धागा तुटलेला सापडतोच. फोनच्या यंत्रणेचेही तसेच आहे. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघड झाला. नुसता व्हिडिओचा संदेश पाठवून, मालकाने तो न उघडताही, फोनमध्ये शिरकाव करता येत होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दर महिन्याला दुरुस्ती देण्यास सुरुवात केली. दोष शोधून कळवणाऱ्यांना बक्षीसही मिळते. इंदूरच्या ‘बग्जमिरर’ संस्थेचे अमन पांडे यांनी एकट्या २०२१ मध्ये २३२ दोष कळवले आणि त्या वर्षी अँड्रॉइडचे दोष शोधणाऱ्यांत ते पहिले आले. आपल्या शेजारच्या राज्यातील तरुण जगभरच्या फोनची रफू करतो, ही अभिमानाची बाब आहे.

परंतु रफू केलेला माल दुकानात पोहोचला पाहिजे! कंपनी ठराविक वर्षांनंतर जुन्या फोनला दुरुस्ती पाठवणे बंद करते. आमचे बरेच कारागीर बांधव सेकंडहँड फोन घेतात आणि त्यावरच बँकेचे व्यवहार करतात. असा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सलचा हे विचारण्याआधी शेवटची सुरक्षा दुरुस्ती कोणत्या महिन्याची आहे हे पाहावे. सेटिंग्जमध्ये ती तारीख लिहिलेली असते.

एवढे तरी करावे

दर महिन्याला दुकानाचा हिशेब मिळवतो, त्याच दिवशी सेटिंग्जमधील ‘परमिशन मॅनेजर’ उघडावा. नावे, एसएमएस, माईक आणि ठिकाण या चार ठिकाणी कोणती अ‍ॅप्स बसली आहेत ते पाहावे. टॉर्चच्या अ‍ॅपला आपल्या गिऱ्हाइकांची नावे कशाला हवीत? ज्याचे काम नाही त्याची परवानगी काढावी. अपडेट आले की टाळू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून आलेली ‘एपीके’ फाईल कधीही उघडू नये. २०२४ च्या अखेरीस लग्नपत्रिकेच्या बहाण्याने अशा फाईली फिरू लागल्या होत्या आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

आमच्या त्या कारागीर मित्राने कर्ज केव्हाच फेडले. आम्ही त्यांची उधारी बंद केली नव्हती, आजही ती चालू आहे. पण त्या प्रसंगाने एक गोष्ट शिकवली. फोनमधील नंबर आपले नसतात. गिऱ्हाइकाने, पुरवठादाराने आणि नातेवाइकाने भरवशाने आपल्याकडे ठेवलेली ती अमानत आहे. ‘अलाऊ’ दाबताना आपण आपलेच नव्हे, त्यांचेही दार उघडत असतो.